तिथीचा पाऊणपट आणि अकरावीतलं ‘एफ ऑफ एक्स’

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा खाडीपलीकडे कळवा, विटावा, खारीगावच्या जुन्या वस्तीत एखाद्या वयस्क माणसाला विचारा, ‘आज भरती किती वाजता?’ तो मोबाइल काढणार नाही. तिथी कोणती ते आठवेल, तिला पाऊणने गुणेल आणि वेळ सांगेल. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा तोंडी हिशेब आहे.

गणिताच्या भाषेत या हिशेबाला फलन म्हणतात. अकरावी विज्ञानाच्या वर्गात हाच विचार ‘फंक्शन’ या नावाने समोर येतो, आणि दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेली अनेक मुलं नेमकी तिथेच अडखळतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात हा सहावा धडा आहे. त्याआधी संच आणि संबंध, त्यानंतर सीमा, सांतत्य आणि विकलन. म्हणजे पुढचं सगळं कलनशास्त्र या एका धड्याच्या खांद्यावर उभं आहे. खांदा कच्चा राहिला की वरचं ओझं पेलत नाही. मूल मात्र समजतं की आपल्याला ‘कॅल्क्युलस’ जमत नाही. खरा पेच एक धडा अलीकडे असतो.

नेमकं काय चुकतं आणि ते घरी, वर्गात कसं सावरता येईल, हे पाहू. हा विषय फक्त परीक्षेचा नाही. औषधाची मात्रा, बाळाच्या वजनाचा तक्ता, विजेचं बिल या सगळ्यांत हेच फलन दडलेलं असतं, आणि तिथे झालेली चूक गुणपत्रिकेपेक्षा महाग पडते.

एकाला एकच उत्तर

फलन म्हणजे नियम. काहीतरी आत द्यायचं, काहीतरी बाहेर मिळतं. अट एकच: एका गोष्टीला एकच उत्तर हवं. तीच गोष्ट पुन्हा दिली तर उत्तर बदलता कामा नये.

कोळ्याच्या नियमात आत जाते तिथी, बाहेर येते वेळ. पण भरती दिवसातून दोनदा येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. मग ‘चतुर्थीची भरती किती वाजता’ या प्रश्नाला दोन उत्तरं झाली. म्हणून हिशेब सांगणारा माणूस न सांगता एक गोष्ट ठरवून घेतो: आपण दुपारी बारानंतर येणाऱ्या भरतीबद्दल बोलतोय. एवढं ठरवलं की उत्तर एकच उरतं आणि नियम फलन होतो. पाठ्यपुस्तकात वर्गमुळाबाबत हेच केलेलं असतं. ९ चं वर्गमूळ अधिक ३ की उणे ३, असा गोंधळ होऊ नये म्हणून वर्गमुळाच्या चिन्हाचा अर्थ धन वर्गमूळ असा ठरवून घेतला आहे. मुलांना ही मास्तरांची मनमानी वाटते. वास्तविक ती भरतीच्या हिशेबातलीच सोय आहे.

दुसरा मुद्दा प्रांताचा, म्हणजे ज्याला वर्गात ‘डोमेन’ म्हणतात त्याचा. पाऊणपटीच्या नियमात तिथी शून्य ते पंधरा इतकीच घ्यायची. अमावस्येला किंवा पौर्णिमेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुणी विसाव्या तिथीचा हिशेब करत नाही, कारण विसावी तिथी नसतेच. नियम कुठपर्यंत चालतो हे नियमाचाच भाग असतं. सूत्र पाठ केलं आणि प्रांत विसरला, तर निम्माच नियम हाती येतो.

तिसरा मुद्दा नेमकेपणाचा. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. पंधरा तिथींचे झाले सव्वाअकरा तास. पण अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ जवळजवळ पूर्ण बारा तास सरकते. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे पक्षाच्या शेवटाकडे हा नियम पाऊण-एक तासाने चुकू शकतो. मग तो खोटा का? नाही. होडी कधी काढायची, जाळं कधी लावायचं एवढं ठरवायला तो पुरतो आणि तोंडी करता येतो. गणित वापरणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाची हीच पद्धत असते: सोपं फलन घ्यायचं, ते खऱ्याच्या किती जवळ जातं ते तपासायचं, आणि चूक किती खपेल ते आधी ठरवायचं.

आणखी एक गंमत. मुंबईच्या अपोलो बंदराला भरती लागली की तीच भरती खाडीतून आत येत कळव्याच्या पुलाखाली पोहोचायला काही वेळ जातो. म्हणजे कळव्याचा पाण्याच्या पातळीचा आलेख साधारण बंदराच्या आलेखासारखाच, पण उजवीकडे सरकलेला. ‘एक्स’च्या जागी ‘एक्स वजा दोन’ लिहिलं की आलेख डावीकडे जायला हवा, मग उजवीकडे का जातो, हा अकरावीतला नेहमीचा प्रश्न. खाडीकडे पाहिलं की उत्तर सुचतं. समजा भरती दोन तास उशिरा पोहोचते. मग आत्ता कळव्यात जी पातळी आहे ती दोन तासांपूर्वी बंदरात होती. वेळेतून दोन वजा करायचे ते यासाठी. उशीर म्हणजे उजवीकडे.

सूत्र नसलेलं फलन

बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात फलन म्हणजे सूत्र. ‘वाय बरोबर एक्सचा वर्ग अधिक तीन’ असं काही दिसलं तरच ते फलन. तक्ता दिला, बाणांची आकृती दिली किंवा तुटक आलेख दिला की ते गडबडतात.

यात त्यांचा दोष नाही. खुद्द गणितालाही इथून पुढे यायला शतकाहून अधिक काळ लागला. ‘फंक्शन’ हा शब्द लायब्निट्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस वापरला. ‘एफ’ आणि कंस ही खूण ऑयलरने १७३४ मध्ये आणली. १७४८ च्या ग्रंथात त्याने फलनाची जी व्याख्या दिली ती सूत्राचीच होती. पुढे तार कशी कंप पावते, उष्णता धातूतून कशी पसरते, अशा प्रश्नांनी सूत्राची ही चौकट अपुरी ठरवली. १८३७ मध्ये डिरिश्लेने मांडणी केली, तिचा आशय असा की प्रत्येक किमतीला एक निश्चित किंमत मिळाली की पुरे. सूत्र असो वा नसो. जो प्रवास थोरांना शंभर वर्षांत जमला, तो आपण सोळा वर्षांच्या मुलाकडून एका तासिकेत करवून घेतो.

आपल्याकडे मात्र सूत्राशिवायच्या फलनांची परंपरा जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त ज्यांचा तक्ता दिला. त्यात पावणेचार अंशांच्या टप्प्याने २४ किमती मिळतात. आज ज्याला आपण ‘साइन’ म्हणतो, तो हाच. ‘ज्या’ शब्द अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये भाषांतर होताना ‘सायनस’ झाला आणि शेवटी ‘साइन’ होऊन आपल्याच वर्गात परत आला. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. कोष्टकात तारीख घेऊन जायची आणि ग्रहाचं स्थान घेऊन यायचं. छत्रे हे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. कोष्टक, पंचांग, रेडी रेकनर ही सारी फलनंच.

संशोधकांनी ही सूत्राची पकड मोजूनही पाहिली आहे. इस्रायलमधील श्लोमो विन्नर आणि टॉमी ड्रेफस यांचा १९८९ चा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी फलनाची व्याख्या विचारली आणि काही उदाहरणं देऊन ‘हे फलन आहे का’ असंही विचारलं. व्याख्या अचूक लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी उदाहरणं तपासताना ती वापरलीच नाही. त्यांनी मनातलं चित्र वापरलं: आलेख गुळगुळीत हवा, सूत्र एकच हवं. व्याख्या एका कप्प्यात आणि समज दुसऱ्या. आपल्याकडे व्याख्येला दोन गुण असतात, म्हणून ती पाठ होते. कप्पे तसेच वेगळे राहतात.

पाच रुपयांचं तिकीट

कळवा स्थानकावर दुसऱ्या वर्गाचं ठाण्याचं तिकीट काढा, पाच रुपये. मुंब्र्याचं काढा, पाच रुपये. प्रत्येक स्थानकाला एकच भाडं आहे, म्हणून भाडं हे स्थानकाचं फलन आहे. दोन स्थानकांना एकच भाडं असलं तरी काही बिघडत नाही. मुलं इथे हमखास फसतात. ‘एकाला एकच’ ही अट ती उलटी लावतात आणि ‘दोघांचं उत्तर सारखं, म्हणजे फलन नाही’ असं लिहून मोकळी होतात.

आता उलटा प्रश्न. फलाटावर पाच रुपयांचं तिकीट सापडलं. त्यावरचं स्थानकाचं नाव पुसलं गेलंय. प्रवासी कुठे चालला होता? सांगता येत नाही. म्हणजे या फलनाचं व्यस्त फलन नाही. परत फिरण्याची वाट तेव्हाच असते, जेव्हा प्रत्येक उत्तरामागे एकच मूळ असतं. आधार क्रमांकावरून माणूस सापडतो. वयावरून सापडत नाही.

हेच रेल्वे आणखी मोठा धडा देते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा तक्ता असतो. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानकं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. ही कल्पना जुनी आहे. पॅरिस ते लिऑं मार्गाचा असा आलेख एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८५ मध्ये छापला होता. आपण मनात ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा एवढ्याच चार स्थानकांचा तक्ता काढू. खाली ठाणे, वर दिवा. धीमी लोकल ठाण्याहून निघाली की रेघ वर चढते. कळव्याला गाडी थांबली की रेघ थोडी आडवी होते: वेळ पुढे जातेय, जागा बदलत नाही. पुन्हा चढते. परतीची गाडी वरून खाली येते.

आता मुलाला विचारा, ‘खाली येणारी रेघ म्हणजे काय?’ अनेक जण ‘गाडी उतारावरून येतेय’ असं म्हणतील. आलेखाला चित्र समजण्याची ही चूक जगभर नोंदली गेली आहे. क्लोद जानविए यांनी १९७८ च्या आपल्या संशोधनात शर्यतीच्या गाडीच्या वेगाचा आलेख मुलांना दाखवला होता आणि ट्रॅकला वळणं किती, असं विचारलं होतं. बऱ्याच मुलांनी आलेखालाच ट्रॅक समजून त्याची वळणं मोजली. वेगाचा आलेख खाली जातो तिथे गाडी वळणावर मंदावलेली असते, हे त्यांना दिसलं नाही.

उभी रेघ का चालत नाही, तेही याच तक्त्यावर कळतं. उभी रेघ म्हणजे एकाच क्षणी गाडी ठाण्यातही आणि दिव्यातही. ‘व्हर्टिकल लाइन टेस्ट’ पाठ करायची गरज उरत नाही. आडवी रेघ मात्र आलेखाला दोनदा कापू शकते, कारण तीच गाडी सकाळी आणि दुपारी, दोन वेळा कळव्याला येऊ शकते.

तुकड्यातुकड्यांचं बिल

विजेचं बिल हे तुकड्यातुकड्यांच्या फलनाचं घरगुती उदाहरण. कळवा, मुंब्रा, शीळ भागात मार्च २०२० पासून वीजवितरण टोरंट पॉवर पाहते. दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. घरगुती ग्राहकांसाठी टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढे.

सोसायटीच्या गच्चीवर नेहमी ऐकू येणारं वाक्य: ‘शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं.’ तसं नसतं. समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिल्या शंभर युनिटना पाच रुपये आणि त्यापुढच्यांना दहा, असं समजा. शंभर युनिटची किंमत पाचशे. एकशे एक युनिटची पाचशे दहा, एक हजार दहा नव्हे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना. म्हणजे आलेख तुटत नाही, फक्त शंभरपाशी अधिक चढा होतो. प्राप्तिकराच्या टप्प्यांचंही मूळ गणित हेच. ‘पगार वाढला तर वरच्या टप्प्यात जाऊ आणि हातात कमी येईल’ ही भीती बहुतेक वेळा या फलनाचा आलेख डोळ्यांसमोर नसल्याने येते.

याच्या जोडीला सरळ रेषेची सवय. प्राथमिक शाळेपासून ‘एका पेनाला दहा रुपये, तर पाच पेनांना किती’ हेच केल्यामुळे सगळं जग त्रैराशिकाचं वाटू लागतं. भाकरीचा व्यास दुप्पट केला आणि जाडी तीच ठेवली, तर पीठ किती लागेल? सहज तोंडी येतं ‘दुप्पट’. लागतं चौपट. ‘ए अधिक बी’चा वर्ग ‘ए’चा वर्ग अधिक ‘बी’चा वर्ग असतो, ‘साइन’ दोन कोनांवर सरळ वाटून टाकता येतो, या अकरावीतल्या चुकांचं मूळ याच सवयीत आहे. मुलाला सूत्र येत नसतं असं नाही. प्रत्येक फलन सरळ रेषेसारखं वागतं असा त्याचा नकळत समज झालेला असतो.

औषधाच्या बाटलीवरचं फलन

आता जिथे चूक परवडत नाही तिकडे वळू. तापाला दिलं जाणारं पॅरासिटामॉल लहान मुलांना वजनावरून देतात. एका वेळची मात्रा साधारण दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १५ च्या दराने १५० मिलिग्रॅम. हे पहिलं फलन: वजन आत, मिलिग्रॅम बाहेर.

पण आई चमच्याने किंवा मापाच्या झाकणाने औषध देते ते मिलिलिटरमध्ये. इथे दुसरं फलन लागतं: मिलिग्रॅम आत, मिलिलिटर बाहेर. आणि हे दुसरं फलन बाटलीगणिक बदलतं. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, तसं पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलंही. पहिल्या बाटलीतून १५० मिलिग्रॅम म्हणजे सव्वासहा मिलिलिटर. दुसऱ्यातून फक्त तीन. मागच्या वेळचं ‘सव्वासहा’ लक्षात ठेवून दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर बाळाच्या पोटात ३१२ मिलिग्रॅमच्या वर जातात. दुपटीहून जास्त. वर्गात ‘जी ऑफ एफ ऑफ एक्स’ म्हणून जे रूक्षपणे शिकवलं जातं, ते संयुक्त फलन हेच. एक नियम पार करून दुसऱ्यात जायचं, आणि दुसरा बदलला तर उत्तर बदलणार हे ध्यानात ठेवायचं.

प्रांताचं महत्त्वही इथेच दिसतं. दर किलोला १५ हा नियम ८० किलोच्या माणसाला लावला तर १,२०० मिलिग्रॅम येतात. पण मोठ्यांनाही एका वेळी १,००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. लहानांचा नियम एका मर्यादेपुढे चालत नाही. सूत्रात ती मर्यादा दिसत नाही, प्रांतात दिसते. (मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच. इथले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. बाटलीवरचं प्रमाण मात्र प्रत्येक वेळी वाचावं.)

औषध शरीरातून बाहेर कसं पडतं, तेही सरळ रेषेने नाही. कॅफिनचं उदाहरण घ्या. निरोगी प्रौढ माणसात ते निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेल्या कॉफीत ८० मिलिग्रॅम कॅफिन असेल, तर एक वाजता ४० उरतं. सरळ रेषेने विचार करणारा म्हणेल, पाच तासांत निम्मं गेलं तर दहा तासांत सगळं जाईल. पण सकाळी सहाला शून्य नसतं, २० असतं. दर पाच तासांनी उरलेल्याच्या निम्मं. परीक्षेच्या काळात रात्री कॉफी ढोसून ‘झोपच लागत नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या शरीरात हा घातांकी आलेख चालू असतो. अँटिबायोटिक ‘दर आठ तासांनी’ घ्या असं सांगतात त्यामागेही घसरत्या आलेखाला वेळीच पुन्हा वर नेण्याचा हिशेब असतो. म्हणून सकाळची गोळी चुकली तर दुपारी दोन एकदम घेऊन भरपाई होत नाही.

आणि अंगणवाडीतला किंवा बालरोगतज्ज्ञाकडचा वजनाचा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांवर तो आधारलेला आहे. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर वजन. आयांचं लक्ष बहुधा एका ठिपक्यावर असतं: शेजारच्या बाळापेक्षा कमी की जास्त. डॉक्टरांचं लक्ष रेघेच्या चढावर असतं. खालच्या पट्ट्यातलं बाळ आपल्या पट्ट्याला धरून चढत असेल तर ते बरेचदा सुदृढ असतं. वरच्या पट्ट्यातल्या बाळाची रेघ तीन महिने आडवी राहिली तर वजन घटलेलं नसूनही ती धोक्याची सूचना असते. किंमत किती आणि किंमत कशी बदलतेय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कलनशास्त्राचा उगम याच फरकात आहे.

भाषेचा उंबरठा

आपल्याकडे या धड्याला आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला येतो आणि बहुतेक कॉलेजांत शिकवणं इंग्रजीतून सुरू होतं. डोमेन, को-डोमेन, रेंज, वन-वन, ऑन-टू हे सगळे शब्द एकाच आठवड्यात अंगावर येतात. कल्पना नवी, भाषा नवी आणि खूणही नवी. ‘एफ’पुढच्या कंसाला तो गुणाकार समजतो, कारण दहा वर्षं कंसाने तेच सांगितलेलं असतं. ‘एफ’च्या डोक्यावरचा उणे एक पाहून तो एक भागिले ‘एफ’ करतो, कारण घातांकाच्या धड्यात तेच बरोबर होतं. या चुका म्हणजे आळस नव्हे. जुनं ज्ञान प्रामाणिकपणे नव्या जागी लावल्याच्या त्या खुणा आहेत.

इंग्रजी शब्द टाळायचे नाहीत. प्रवेश परीक्षेत तेच असणार आहेत. पण आधी मराठीत कल्पना बसावी आणि मग शब्द चिकटावा. फलन म्हणजे नियम. प्रांत म्हणजे नियम कुणाला लागू. रेंज म्हणजे प्रत्यक्षात बाहेर काय काय येतं. संयुक्त म्हणजे एकामागून एक. व्यस्त म्हणजे परतीची वाट. पाच शब्द, पाच वाक्यं. शेजारी इंग्रजी नाव लिहिलेला एक कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला तरी पहिला महिना सोपा जातो.

घरी काय करता येईल

पालकांना अकरावीचं गणित येण्याची गरज नाही. प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ. कोणताही नियम समोर आला की चार प्रश्न: आत काय जातं? बाहेर काय येतं? कुणाला लागू नाही? उत्तरावरून मूळ सांगता येतं का?

एक प्रयोग स्वयंपाकघरात करता येतो. नळ एकसारखा सोडून त्याखाली कळशी ठेवा. आत गेलेल्या पाण्याप्रमाणे पाण्याची उंची कशी वाढेल, त्याचा आलेख मुलाला आधी कागदावर काढू द्या आणि मग पाहा. अरुंद बुडाशी पाणी झरझर चढतं, पोटाच्या घेराशी रेंगाळतं, गळ्याशी पुन्हा धावतं. अमेरिकेत मेरिलिन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या अभ्यासात अशाच बाटलीचा प्रश्न कलनशास्त्र शिकलेल्या हुशार विद्यार्थ्यांना दिला, तेव्हा त्यांच्यातलेही अनेक जण चढ कुठे वाढतो, कुठे कमी होतो यात अडखळले. सूत्र येणं आणि दोन गोष्टी एकत्र बदलताना पाहता येणं, ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य कळशीने येतं, पाठांतराने येत नाही.

शिक्षकांसाठीही एक सुचवणी. धड्याची सुरुवात व्याख्येने न करता दहा उदाहरणांनी करावी: काही फलनं, काही फलनं नसलेली, काही तक्ते, काही आलेख, एखादं बिल. मुलांना वाद घालू द्यावा. व्याख्या वादानंतर आली तर ती निकालासारखी वाटते आणि लक्षात राहते.

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीनंतर ‘मला मॅथ्स झेपत नाही’ असं म्हणून बरीच मुलं गणिताकडे पाठ फिरवतात, आणि तो निर्णय पुढची तीस वर्षं सोबत राहतो. कुणी अभियांत्रिकीची वाट सोडतं, कुणी अर्थशास्त्राची, कुणी फक्त आत्मविश्वास. त्या निर्णयाआधी निदान एवढं तपासून पाहावं, की गणित झेपत नाही की एका शब्दामागची कल्पना कुणी नीट दाखवलेली नाही. कल्पना अवघड असती, तर खाडीवरच्या माणसांनी ती शाळेत न जाता पाऊणच्या पाढ्यावर पेलली नसती.